जुन्या घराचा मलबा, राख आणि नवीन बीम

आमच्या भंडारा जिल्ह्यात सध्या ज्या गावात जाल तिथे जुनं घर पाडून नवीन बांधणं चालू आहे. कुठे घरकुल मंजूर झालंय, कुठे पोरगा नोकरीला लागला म्हणून स्लॅब टाकायचाय, कुठे भावाभावांची वाटणी झाली. आणि घर पाडलं की अंगणात मलब्याचा ढीग, मग मी साईटवर गेले की हमखास प्रश्न येतो, "ताई, हा जुन्या स्लॅबचा मलबा नवीन बीममध्ये चालते का?" दुसरा प्रश्न राखेचा. मौद्याच्या, तिरोड्याच्या वीज केंद्रातून राखेचे बल्कर रोज रस्त्यावरून जाताना सगळ्यांना दिसतात, राखेच्या विटा तर आता जिकडेतिकडे, मग तीच राख काँक्रीटमध्ये कालवून सिमेंटच्या दोन बॅगा वाचवल्या तर काहून नाही चालत? आणि राईस मिलच्या काळ्या राखेबद्दल विचारणारेही भेटतात.

हे साईटवर पाच मिनिटात सांगून होत नाही. सेंट्रिंग लागलेलं असतं, मिक्सर भाड्याने आणलेला असतो, माणसं उभी असतात, तिथे कोण ऐकणार. म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी डिप्लोमा सिव्हिल केलंय, मोहाडी-तुमसरकडची लहान घरांची कामं बघते, आणि मला मनापासून वाटतं की वाया जाणारं मटेरिअल घरबांधणीत आलंच पाहिजे. पण बीममध्ये टाकायचं तर ते कुठून आलं आणि त्यात काय आहे हे माहीत असलेलंच टाकायचं, आणि मोजून टाकायचं. "टाका बिनधास्त" म्हणणारे आणि "राख टाकली की घर पडते" म्हणणारे असे दोन गट झालेत आणि नुकसान दोघंही करतात.

आधी हे आपल्याच भागात इतकं महत्त्वाचं का ते. चंद्रपूरचं थर्मल, म्हणजे कोळशावरचं वीज केंद्र, २९२० मेगावॅट, तिरोडा ३३००, मौदा २३२०, शिवाय कोराडी आणि खापरखेडा. आपल्या देशातल्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते, म्हणजे तीन ट्रक कोळसा जाळला की एक ट्रकभर राख उरलीच समजा. ती कुठे जाते? तलावात साठवतात. २०२२ च्या जुलैमध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतात, नाल्यात, नदीत गेली. केंद्राने ३१ डिसेंबर २०२१ ला अधिसूचना काढून थर्मलवाल्यांना शंभर टक्के राख वापरात आणायला सांगितलंय. दुसरीकडे वैनगंगेची रेती, लिलाव झाला नाही की रेती नाही, आणि मिळाली तर भाव असा की घरकुलाच्या पैशात माणूस पायव्यातच अडकतो. गिट्टीसाठी टेकड्या संपतायत ते वेगळंच. म्हणजे एकीकडे ढीग पडलेत आणि दुसरीकडे टंचाई, हे बघून इंजिनिअर माणसाला शांत बसवत नाही.

आता बीम काम कसा करतो ते समजून घेऊ, कारण त्याशिवाय काय चालेल आणि काय नाही हे कळणारच नाही. दोन कॉलमवर बीम ठेवला, वर भिंत आणि स्लॅबचं वजन आलं, की तो मधोमध थोडा खाली झुकतो. झुकला की खालची बाजू ताणली जाते आणि वरची बाजू दाबली जाते. काँक्रीट दाबाला पक्कं, पण ताणाला फार कच्चं, दाब सोसतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच ताण सोसतं. म्हणून खालच्या बाजूला सळई. नीट डिझाईन केलेल्या बीममध्ये मधल्या भागात किती वजन पेलायचं हे मुख्यतः खालच्या सळईवर ठरतं, काँक्रीटच्या ताकदीत थोडा फरक पडला तर वाकण्याच्या ताकदीत त्याहून कितीतरी कमी फरक पडतो. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये जुन्या काँक्रीटची गिट्टी घालून बीम केले, जॅकने दाबून तोडून पाहिले, आणि साधारण हेच दिसत आलंय की मर्यादित प्रमाणात घातली तर बीम शेवटी जवळजवळ तेवढंच वजन घेऊन तुटतो.

मग फरक पडतो कुठे? एक तर झुकण्यात. जुन्या गिट्टीला जुना सिमेंट-रेतीचा मसाला चिकटलेला असतो, तो सच्छिद्र, म्हणून नवीन काँक्रीट थोडं लवचिक होतं, बीम जरा जास्त झुकतो आणि भेगा जरा लवकर दिसायला लागतात. दुसरा फरक जास्त काळजीचा, तो कॉलमजवळच्या भागात. तिथे तिरपी भेग पडते, आणि ती भेग रुंदावू नये म्हणून तीन गोष्टी झगडतात: वरचं न फाटलेलं काँक्रीट, सळईभोवती बांधलेल्या रिंगा, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंच्या गिट्टीचं एकमेकांत अडकणं. गिट्टी कच्ची असेल तर भेग गिट्टीला वळसा घालून न जाता सरळ तिच्यातूनच जाते, भेगेचा चेहरा गुळगुळीत होतो आणि ते अडकणं कमी होतं. आणि ही तिरप्या भेगेची मोडतोड सांगून येत नाही, मधला भाग वाकून आधी भेगा दाखवतो तसं इथे होत नाही, एकदम जातं. म्हणून मी प्रत्येक मिस्त्रीला सांगते की जुनी गिट्टी घातलीय ना, मग रिंगांमध्ये काटकसर अजिबात नको. गावाकडे ९ इंच बाय १२ इंचाचा बीम सर्रास असतो, त्याला आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचा जो कोड आहे, त्याप्रमाणे रिंगांमधलं अंतर साडेसात इंचाच्या वर जाऊच शकत नाही, पण बघाल तर मध्ये ९-१० इंच सोडलेले असतात. मी कॉलमजवळ दोन अडीच फुटापर्यंत ४ इंचावर आणि मध्ये ६ इंचावर बांधून घेते. त्याला लागणारं लोखंड फारसं नसतं, बांधायला वेळ जातो एवढंच.

तिसरा फरक म्हणजे सळई गंजण्याचा, तो पंधरा-वीस वर्षांनी दिसतो त्यामुळे कोणी त्याचा विचारच करत नाही. चांगलं काँक्रीट इतकं अल्कलाईन असतं की सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. काँक्रीट सच्छिद्र झालं, किंवा त्यात क्षार आले, की हे संरक्षण जातं, सळई गंजून फुगते आणि कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येते. त्यामुळे बीमला २५ मिलिमीटर कव्हर आणि कव्हर ब्लॉक, यात तडजोड नाही. गिट्टीचा खडा सळईखाली सरकवून "झालं कव्हर" म्हणतात ते बंद करा बरं, खडा माल ओतताना घसरतो आणि सळई शटरिंगला टेकते.

आता मलबा. इथे सगळ्यात मोठा घोळ आहे, कारण आपल्या जुन्या घराचा मलबा म्हणजे एकच वस्तू नसते. त्यात मातीच्या भिंती, कवेलू, लाल विटा, चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा, लोणा लागलेल्या भिंतीचे तुकडे, कधी पीओपी, आणि त्यात कुठेतरी जुन्या स्लॅबचं किंवा लिंटलचं खरं काँक्रीट. गिट्टी-रेतीचा कोड म्हणजे आयएस ३८३, त्याची २०१६ ची आवृत्ती आली तेव्हापासून आपल्या देशात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: निव्वळ जुन्या काँक्रीटपासून केलेली गिट्टी आरसीसीमध्ये, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, २० टक्क्यांपर्यंत चालते, तेही एम २५ ग्रेडपर्यंतच (एम पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद). लोखंड नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के. आणि एम १५ पेक्षा कमी ग्रेडच्या काँक्रीटमध्ये, म्हणजे पायव्याखालचा बेड, फरशीखालचा थर, तिथे शंभर टक्के. पण विटा-गिलाव्याचा मिसळलेला मलबा आरसीसीमध्ये शून्य. साध्या काँक्रीटमध्येही शून्य, फक्त त्या कमी ग्रेडच्या थरात चालतो. म्हणजे "मलबा चालते का" ह्याचं उत्तर तुमच्या ढिगात कोणता तुकडा आहे त्याच्यावर आहे.

विटेचा तुकडा बीममध्ये का नको? वीट पाणी पिते, मऊ असते, दाबाखाली चुरते. पीओपी आणि लोण्यातले सल्फेट सिमेंटशी रिअ‍ॅक्शन करून काँक्रीट आतून फुगवतात. गोठ्याच्या फरशीचं आणि संडासाच्या टाकीचं काँक्रीट तर दिसायला चांगलं कडक असतं, पण वर्षानुवर्षं मूत्र आणि सांडपाणी पिऊन त्यात क्षार भरलेले असतात, ते सळईच्या जवळ नेऊच नये. आणि एक अगदी कळकळीची गोष्ट, जुन्या घरावरचे, गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे मलब्यात फोडू नका. जुन्या पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, हातोड्याने फोडले की त्याचे डोळ्याला न दिसणारे तंतू उडतात, फुप्फुसात बसतात, आणि आजार वर येतो तो कितीतरी वर्षांनी. आपल्याकडे मलबा फोडायला बाया बसतात, लेकरं बाजूला खेळत असतात. पत्रे असतील तर अख्खे, पाण्याने ओले करून उतरवा आणि बाजूला झाकून ठेवा. बाकीचा मलबा फोडतानाही पाणी मारत राहा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळही काही चांगली नाही.

तर समजा जुन्या स्लॅबचं चांगलं काँक्रीट वेगळं निघालं. ते हातोड्याने २० मिलिमीटरच्या आसपास फोडायचं, चाळणीने वरचं मोठं परत फोडायला, आणि ४.७५ मिलिमीटरच्या खालचा चुरा बाजूला काढायचा. त्या चुऱ्यात जास्त करून जुना मसालाच असतो, कोडमध्ये बारीक मालालाही काही टक्के परवानगी आहे पण गावच्या साईटवर मी तो बीममध्ये घेत नाही, फरशीखाली वापरते. मग ही गिट्टी सिमेंट न टाकता मिक्सरमध्ये थोडा वेळ फिरवून घ्यायची, गिट्टी गिट्टीवर घासली की सैल मसाला निघून जातो, मग धुवून घ्यायची. आमच्या मिस्त्री काकांना सुरुवातीला हे डिझेल जाळायचं काम वाटलं, पण धुतल्यावर ड्रमच्या तळाशी जो गाळ बसला तो पाहून त्यांनीच पुढच्या कामाला आपणहून मिक्सर लावला.

पाण्याचा मुद्दा इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपला चांगला काळा दगड एक-दोन टक्केच पाणी पितो, जुन्या काँक्रीटची गिट्टी साधारण चार ते सात टक्के पिते. कोरडीच टाकली तर ती मालातलं पाणी ओढून घेते, माल घट्ट होतो, मजूर म्हणतात "पाणी टाक थोडं", आणि मग अंदाजाने बादली ओतली जाते, आणि तिथेच बीमची ताकद जाते. गिट्टीमुळे जेवढी गेली नसती तेवढी ह्या बादलीने जाते. म्हणून गिट्टी रात्रभर भिजवायची, सकाळी पोत्यावर पसरून वरचं पाणी निथळू द्यायचं, आत ओली आणि वरून कोरडी अशी झाली की वापरायची. घरच्या घरी तपासायचं असेल तर उन्हात नीट वाळवलेली ५ किलो गिट्टी घ्या, एक दिवस भिजवा, फडक्याने वरून पुसा आणि परत वजन करा. ५ किलो २५० ग्रॅम भरली तर पाच टक्के. त्याच्या खूप वर गेली तर ती गिट्टी बीमला नको. आणि ५० किलोच्या एका बॅगेला पाणी साडेसत्तावीस लिटरच्या वर कधीच नाही, गिट्टी कोणतीही असो. कोडमध्ये पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पट लिहिलंय, त्याचा अर्थ तोच. माल चालत नसेल तर प्लास्टिसायझरची, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या औषधाची, बाटली आणा, तालुक्याच्या दुकानात मिळते.

मिसळताना पाच घमेली गिट्टीत एक घमेलं जुन्या काँक्रीटची, म्हणजे झाले वीस टक्के. मिक्सरमध्ये आधी गिट्टी, रेती आणि अर्धं पाणी फिरवायचं, मग सिमेंट, मग उरलेलं पाणी. ह्याने सिमेंटचा पातळ लेप जुन्या गिट्टीच्या छिद्रांवर आधी बसतो आणि जोड चांगला होतो.

आता खरा हिशोब करू, कारण एवढं सगळं केल्यावर बीममध्ये वाचतं किती? बारा फुटाच्या एका बीममध्ये साधारण पाव घनमीटर काँक्रीट, त्यात गिट्टी साडेसात घनफूट धरा, तिचे वीस टक्के म्हणजे दीड घनफूट. चार-पाच घमेली. अख्ख्या घराचे शंभर फूट बीम धरले तरी बारा-तेरा घनफूट. आणि त्याच घरकुलाच्या २५ चौरस मीटर फरशीखाली चार इंचाचा थर टाकला तर त्यात जवळपास ऐंशी घनफूट गिट्टी जाते, म्हणजे पाऊण ब्रासच्या वर, आणि तिथे शंभर टक्के मलबा चालतो, विटांचे तुकडेही चालतात. त्यामुळे मी सगळ्यांना हेच सांगते की मलबा आधी फरशीखाली आणि पायव्याच्या बेडमध्ये संपवा, तिथे पैसे वाचतात आणि धोका नाही, सळईच नाही तिथे. त्यातून चांगलं काँक्रीट उरलं तर बीमचा विचार करा. आपल्या काळ्या मातीत प्लिंथ बीमवर, म्हणजे जोत्याच्या बीमवर, आधीच बराच ताण येतो, पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्या बीममध्ये मी सहसा नवीनच गिट्टी ठेवते. कोड परवानगी देत असला तरी.

राखेचं मात्र उलटं आहे, राखेचा खरा फायदा बीममध्येच आहे. आणि गंमत अशी की गावातल्या बहुतेक नवीन बीममध्ये ती आधीपासूनच आहे. दुकानातून जी पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची, बॅग येते तिच्यावर फ्लाय अ‍ॅशची, म्हणजे थर्मलच्या बारीक राखेची, टक्केवारी छापलेली असते, वाचून बघा. आयएस १४८९ प्रमाणे ती १५ ते ३५ टक्क्यांच्या मध्ये असते. "राख टाकली की घर पडते" म्हणणाऱ्याच्या घराच्या स्लॅबमध्येही ती बहुतेक असतेच. सह्याद्रीतल्या घाटघरच्या धरणात तर सिमेंटपेक्षा फ्लाय अ‍ॅश जास्त वापरलीय, पण तो दाखला बीमला लावू नका, धरण आपल्या वजनावर उभं असतं, त्याला घाई नसते, आणि त्याच्या पोटात गंजायला सळईही नसते.

राख काम कशी करते? सिमेंटमध्ये पाणी पडलं की ताकद देणारा चिकट पदार्थ तयार होतो आणि सोबत चुन्यासारखा एक पदार्थ उरतो, जो ताकदीला काही उपयोगाचा नाही. बारीक राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते आणि त्याचाच परत चिकट पदार्थ करते, छिद्रं भरतात, काँक्रीट दाट होतं. राखेचे कण गोल असल्याने माल पण सुरळीत सरकतो. पण हे सगळं हळू हळू, अठ्ठावीस दिवसांनंतरही ताकद वाढतच राहते, आणि सुरुवातीच्या आठवड्यात ती कमी असते. इथे आपल्याकडे गडबड होते. सेंट्रिंगचं भाडं दिवसावर चालतं, ठेकेदाराला पुढच्या साईटवर प्लेटा न्यायच्या असतात, तो सातव्या-आठव्या दिवशी टेकू काढायला येतो. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू साध्या, राख नसलेल्या ओपीसी सिमेंटलाही चौदा दिवस काढायचे नाहीत. राख असलेल्या सिमेंटला त्याहून थोडं जास्तच ठेवा, हिवाळ्यात तर नक्कीच. भाड्याचे चार पैसे जातील, जाऊ द्या.

पाणी मारण्याचंही तसंच. राखेची ती रिअ‍ॅक्शन पाण्याशिवाय थांबते. राख असलेल्या काँक्रीटला किमान दहा दिवस आणि आपल्यासारख्या कोरड्या उन्हात चौदा दिवस सतत ओलं ठेवायचं असं कोडमध्येच आहे. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असतात, सकाळ-संध्याकाळ पाईपने शिंतडून काही होत नाही, दुपारपर्यंत कोरडं ठक्क. बीमच्या बाजूला ओली पोती गुंडाळा, वरून प्लास्टिक. गावात पाण्याची टंचाई असेल तर मी सरळ सांगते, बीम-स्लॅब पावसाळ्यानंतर टाका, धान कापून झाल्यावर, तेव्हा माणसंही मिळतात आणि पाणीही असतं.

बॅगेतल्या राखेवर आणखी राख टाकायची का? पीपीसीमध्ये नको. आधीच तीस टक्के असेल तर वरून टाकलेली राख धरायला चुनाच उरत नाही, ती नुसतं भरताड होते. ओपीसी आणून त्यात राख मिसळायची असेल तर ती थर्मलच्या फिल्टरमध्ये पकडलेली कोरडी बारीक राख पाहिजे, आयएस ३८१२ ची, जिच्यात न जळालेला कोळसा पाच टक्क्यांच्या आत असतो, आणि मिक्स डिझाईन करून, म्हणजे कशाचं किती प्रमाण ते आधी ठरवून. तलावातली राख म्हणजे पाँड अ‍ॅश, जी ट्रॅक्टरमध्ये फुकट किंवा वाहतुकीच्या पैशात मिळते, ती सिमेंटच्या जागी अजिबात नाही. तिच्यात बॉयलरच्या तळाची जाड राख मिसळलेली असते, ओली असते, रोजचा माल वेगळा. भरणाला चांगली, विटांना चांगली, रस्त्याच्या भरावाला चांगली. एका गावात ट्रॉलीभर तलावाची राख आणून "सिमेंट निम्मं करा" म्हणून बसले होते, तिथे वाद घालून ती सगळी जोत्याच्या भरणात टाकायला लावली आणि वरून नीट दबाई केली. ती राखही कामी आली आणि बीमही वाचले.

राईस मिलच्या राखेबद्दल मला खरंच उत्सुकता आहे, कारण ती आपल्या भंडारा-गोंदियाची स्वतःची वस्तू आहे. शंभर किलो धानातून वीसेक किलो तूस निघतं आणि ते जाळलं की चारेक किलो राख, आणि नीट जळालेल्या त्या राखेत ८५ ते ९० टक्क्यांच्या वर सिलिका असते. नीट म्हणजे साधारण ६००-७०० अंशाच्या आसपास, सांभाळून जाळलेली, मग दळून बारीक केलेली. तशी राख सिमेंटच्या दहा टक्क्यांपर्यंत घातली तर काँक्रीट चांगलं दाट होतं. आयएस ४५६ मध्येही तिचा उल्लेख आहे. पण मिलच्या बॉयलरची राख काळी असते, म्हणजे कोळसा उरलेला, आणि जास्त तापली तर सिलिकाचे स्फटिक होतात, ती मग चुन्याला धरत नाही. शिवाय ती न दळता टाकली तर पाणी बेसुमार पिते. त्यामुळे आज मिलच्या मागच्या ढिगातली राख उचलून बीममध्ये टाकू नका. पण एखाद्या तालुक्यात मिलवाल्यांनी मिळून नीट जाळायची भट्टी आणि दळायची चक्की उभी केली, पॉलिटेक्निकच्या लॅबमधून प्रत्येक लॉट तपासून घेतला, तर हे होण्यासारखं काम आहे, आणि व्हावं असं मला फार वाटतं. यवतमाळकडची एक मैत्रीण पऱ्हाटीच्या राखेचं विचारत होती, तिच्यात पोटॅश जास्त, ती शेतातच बरी.

प्लास्टिकच्या बाटल्या, टायरचे तुकडे बीममध्ये टाकायचे व्हिडिओ फिरतात. सिमेंट प्लास्टिकला आणि रबराला धरत नाही, ताकद उतरते, आणि आग लागली तर प्लास्टिक वितळून आत पोकळ्या होतात. फुटक्या काचेच्या मोठ्या तुकड्यांची सिमेंटमधल्या अल्कलीशी रिअ‍ॅक्शन होऊन काँक्रीट फुगतं. हे तिन्ही बीममधून बाहेर, विषय संपला.

जुन्या सळईवर मात्र थांबून बोलावं लागेल, कारण ते सगळ्यात जास्त चालतं आणि सगळ्यात धोक्याचं आहे. स्लॅब फोडून निघालेली सळई दगडावर ठोकून सरळ करतात आणि "अजून लोखंड चांगलं आहे" म्हणून बीममध्ये टाकतात. वाकलेली सळई ठोकून सरळ केली की त्या जागी ती ठिसूळ होते. आणि गंज बघा, १२ मिलिमीटरची सळई सगळीकडून फक्त एक मिलिमीटर खाल्ली गेली तर ती १० ची झाली, आणि तिचं क्षेत्रफळ ११३ वरून ७८.५ चौरस मिलिमीटरवर आलं, म्हणजे तीस टक्के ताकद गेली, डोळ्याला मात्र जवळजवळ तेवढीच दिसते. वर सांगितलंच की बीमचं मधलं वजन खालच्या सळईवर आहे. गिट्टीत वीस टक्के बदल केला तर बीम सहन करतो, सळईत तीस टक्के गेले तर नाही करत. ती जुनी सळई भंगारवाल्याला विका. ती जालन्यासारख्या ठिकाणी भट्टीत वितळून, नवी होऊन, आयएस १७८६ चा मार्क घेऊन परत येते, लोखंडाचं खरं रिसायकलिंग ते आहे, दगडावर ठोकून होत नाही. आलेल्या पैशात नवी सळई थोडी तरी येते.

शेवटी तपासणी. जुनी गिट्टी किंवा वेगळी राख घालून बीम टाकणार असाल तर आधी त्याच मापाचा थोडा माल करून १५० मिलिमीटरचे सहा क्यूब भरा, तीन सातव्या दिवशी आणि तीन अठ्ठाविसाव्या दिवशी जवळच्या पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये दाबून घ्या. साचे लॅबवालेच देतात बऱ्याचदा, विचारून बघा. एम २० असेल तर अठ्ठावीस दिवसांना २० च्या चांगलं वर, पंचवीस-सव्वीसच्या घरात आलं पाहिजे, काठावर आलं तर ते प्रमाण बीमला वापरू नका, जुनी गिट्टी कमी करा किंवा काढून टाका. बीम टाकायच्या दिवशीही त्याच मालाचे क्यूब भरून ठेवा. आणि तो रिपोर्ट, सोबत कोणत्या बीममध्ये किती जुनी गिट्टी घातली आणि सिमेंट कोणतं होतं हे एका कागदावर लिहून, नमुना आठच्या कागदांसोबत फाईलमध्ये ठेवा. पंधरा वर्षांनी तुमची मुलं वर मजला चढवायला निघतील तेव्हा जो इंजिनिअर येईल त्याला भिंत न फोडता कळलं पाहिजे की खालच्या बीममध्ये काय आहे.